नेच्यावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनं नेचं, म्हणजे फर्न, आहे, आणि माझ्यावर खोटा आळ आला. आठवलं की अजून पानं ताठ होतात माझी.

रूसे शहरातल्या एका इमारतीत झ्लात्काआजीने मला चीजच्या रिकाम्या डब्यात लावलं. मी जोमात फोफावलं. कुणी कौतुक केलं की आजी लगेच थू थू करायची, नजर लागू नये म्हणून. माझ्या सावलीत केस्तेन झोपायचा. म्हातारा कुत्रा, तपकिरी. अधूनमधून माझं पान चावायचा, पण त्याला काही व्हायचं नाही. माझ्यात विष नाहीच मुळी! आजोबा गेल्यापासून आजी बोलायची ती त्याच्याशीच. वाटीतलं निम्मं दही त्याचं.

आमच्याकडे एक खूळ आहे. रोप मागून आणलं तर मरतं, चोरून आणलं तर जगतं. आजीने दवाखान्याच्या खिडकीतल्या कुंडीतून मुळासकट एक फुटवा उपटला, पर्समध्ये घातला आणि घरी आणून माझ्याशेजारी लावला. दिसायला माझ्यासारखाच, पिसासारखा मऊ. सगळे त्यालाही नेचंच म्हणायचे. पण ती होती शतावरीची जात. पुढे तिला लाल फळं लागली. नेच्याला कधी फळं लागतात का? पण विचारतंय कोण!

फळं खाली पडली, केस्तेनने खाल्ली आणि भडाभडा ओकला. ओकारीत माझं एक पान निघालं.

आजीची मुलगी रादोस्तिना ओरडली, "बघ! तुझं ते मोठं नेचंच खातो हा. फेक ते!"

"अगं, तुझ्या लग्नाआधीचं आहे गं ते."

"मग बस त्याला कुशीत घेऊन!"

मला जिन्यात ठेवलं. तिथली काच फुटलेली, त्यात थंडी. लोक माझ्या मातीत सिगारेटी विझवायचे. आत केस्तेन पुन्हा ओकला. दाराआडून सगळं ऐकू यायचं.

"पुरे आता, आई. कंबर धरून पुसत बसतेस. मामाकडे गावी पाठवू त्याला."

"तो साखळीला बांधतो गं."

"कुत्राच आहे ना!"

नेताना केस्तेनने माझ्यात नाक खुपसलं. रादोस्तिनाने पट्टा ओढला.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची मिल्काना जिना उतरली. जनावरांची डॉक्टर. "काकू, हे का बाहेर?" आजीने सगळं सांगितलं. "अहो, याने कुत्र्याला काही होत नाही!" आत गेली आणि तिचा आवाज चढला. "ही लाल फळं! ही खाऊन ओकत असणार तो!"

आजीने लगेच भावाला फोन लावला. त्याचा मोठा आवाज फोनबाहेर येत होता. "साखळी तोडून पळाला गं रात्री. शोधतोय. पण बर्फ फार पडतोय इकडे."

शतावरी कचऱ्यात गेली. मी पुन्हा खिडकीत आलं, अर्धं वाळलेलं. केस्तेन आला नाही.

मित्रांनो, घरात कुत्रा असेल तर प्रत्येक रोपाची नीट ओळख करून घ्या. तो आजारी पडला तर आधी खाली वाका, जमिनीवर काय पडलंय ते बघा. मग कुणाला फेकायचं ते ठरवा.

आजी अजून निम्मं दही माझ्याखाली ठेवते. संध्याकाळी तीच उचलते.