मी, चाचणीची सातवी गाडी

मी बोलतेय, जपानमधल्या हामामात्सूच्या कारखान्यातली चाचणीची मोटारसायकल. ना फार जड, ना फार हलकी. आमच्या जातीच्या अंगावर कपडा नसतो. इंजिन, नळ्या, सगळं उघडं. त्यात कुणी चोरून फोटो काढू नये म्हणून मला काळ्या पट्ट्या चिकटवलेल्या. काळं कुत्रंही ढुंकून पाहणार नाही असं माझं रूप!

पण माणसांनी माझ्यात केवढा जीव ओतला! मातीच्या नमुन्यावर डोळे मिटून तळवे फिरवत त्यांनी माझी टाकी घडवली. माझा आवाज कसा हवा, यावर जेवतानाही वाद चालत. मी थक्क होऊन ऐकत राहायची.

माझा सांगाडा आखला तिशीतल्या कानोमेबाईंनी. मला पळवायचे साठीला टेकलेले इसोगाई. वेगात वळण घेतलं की माझं हँडल थरथरायचं. त्यावर बैठक बसली.

"माफ करा, माझे हात थकलेत," इसोगाई वाकून म्हणाले.

"छे छे, चूक माझ्या आखणीतच असणार," कानोमेबाई त्यांच्याहून खाली वाकल्या.

दोष आपल्याच पदरात ओढून घ्यायचा, ही इथली रीत. संगणकात आखणी बिनचूक दिसत होती, म्हणून साहेबांना बाईंचं बोलणं निव्वळ सभ्यपणाचं वाटलं. इसोगाईंचं मात्र खरं वाटलं. त्यांना गाडीवरून उतरवायचं ठरलं. त्यांनी हातमोजे काढून ठेवले. दोष माझ्यातच आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला वाचा कुठली?

बाईंना चैन पडेना. "एक फेरी मी मारते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही?"

"लायसन्स आहे हो माझ्याकडे!"

वळणावर मी थरथरले. लाज वाटली मला. बाई मात्र परतल्या त्या हसत, डोळ्यांत पाणी घेऊन. "इसोगाई-सान, माझेही हात थरथरले. आता माझंही वय झालं म्हणा!"

इंजिन धरणारी पट्टी बारीक निघाली. ती जाड केली आणि हँडल शांत झालं. इसोगाई पुन्हा माझ्यावर बसले, आणि ते वळण आम्ही असं घेतलं की वारासुद्धा मागे पडला.

मग दिव्यांच्या झगमगाटात माझी धाकटी बहीण, म्हणजे बाजारात विकायची गाडी, जगासमोर आली. टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणे. मी गोदामात होते, पण अभिमानाने ऊर भरून आला. रस्त्यात ती दिसली, तर तिच्या टाकीवरून एकदा हात फिरवा.

चाचणीच्या गाडीला रस्त्यावर जायची परवानगी नसते. काम संपलं, म्हणून आज मला चेपून टाकणार आहेत. इथे शिवणाच्या झिजलेल्या सुयांसाठीही प्रार्थना करतात, तशी माझ्यासाठी केली. उदबत्ती लागली, मंत्र झाले. एकेक जण वाकून म्हणाला, "फार त्रास दिला तुला, माफ कर."

शेवटी इसोगाई आले. तेही वाकले, पण माफी काही मागेनात. माझ्या टाकीवरून हात फिरवत हळूच म्हणाले, "मजा आली गं."

मलाही, इसोगाई. फार फार मजा आली.