मलकाबाईचा ठसा

हसकेल वाक्रुळकर घाबरट होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला उगाच शूरवीर समजाल. गिरणीच्या सुतारखात्यात उभा जन्म गेला, पण भोंगा वाजला की गडी अजून दचकायचा. कुत्रं दिसलं की फुटपाथ बदलायचा, पोलीस दिसला की गल्लीच बदलायचा. बायको दीनाबाई होती तोवर ती त्याला हाताला धरून रस्ता ओलांडून न्यायची, आणि वर चाळभर सांगतही सुटायची. ती गेली, आणि हात धरणारं कुणी राहिलं नाही.

असा हा माणूस, लालबाग-परळात गोळ्या सुटत होत्या त्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी पिशवी घेऊन एकटाच कबरस्तानात निघाला होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीनं जाहीर केलं होतं आणि गिरणगाव पेटलं होतं. रस्त्यावर विटांचा खच, फुटक्या बाटल्या, नाक्यानाक्यावर पोलीस. कर्फ्यू तेवढा दुपारपुरता उठवला होता. शेजाऱ्यांनी विचारलं, की हसकेलभाऊ, आत्ता मेलेल्यांना भेटायची काय घाई आहे?  

घाई लेयासाठी होती. लेया ही त्याची एकुलती एक मुलगी. हसकेल बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, आणि त्यांच्यातली माणसं तेव्हा घरं आवरून बोटीनं इस्रायलला जात होती. लेयाही आत्याबरोबर गेली आणि तिकडेच तिचं लग्न जमलं. मुलगा आपल्यातलाच, मूळ अलिबागकडचा, सालस. पण मुलाचा आजोबा अडून बसला. त्याच्या कानावर कुणीतरी घातलं होतं, की दीनाबाईची आजी मलकाबाई जन्माची इस्रायल नव्हतीच, कुणी बाहेरची बाई घरात आणून ठेवलेली. आणि यांच्यात वंश आईकडून धरतात. वरची एक कडी निखळली की खालचं सगळं गेलं. आजोबा म्हणाला, मलकाबाईच्या कबरीवर तिच्या बापाचं नाव असेल तर दाखवा. बाहेरच्या बाईच्या दगडावर बापाचं नाव कोरत नाहीत. हातानं उतरवलेलं नको, हातानं कुणीही काहीही लिहील. दगडाचा ठसा पाहिजे. दीनाबाईचा, तिच्या आईचा आणि मलकाबाईचा, तिघींचा. लेयानं पत्रात शेवटी लिहिलं होतं, ‘बाबा, तुम्हाला भीती वाटेल हे ठाऊक आहे मला. पण माझं दुसरं कोण आहे?’

रविवारी सकाळी हसकेलचा साडू सहकुटुंब बोटीनं निघणार होता. ठसे जायचे तर त्याच्याचबरोबर. शनिवारी शब्बाथ, त्या दिवशी ना कबरस्तानात जायचं, ना कामाला हात लावायचा. शब्बाथ लागतो तो शुक्रवारी सूर्य बुडाल्यावर. म्हणजे काय ते आज, आणि तेही दिवस बुडायच्या आत. भीती वाटतेय म्हणून थांबायची सोयच नव्हती.

कबरस्तान गिरणीच्या मागं, उंच भिंतीच्या आत होतं. राखणीला रखमा. ती सावंतवाडीकडची. नवऱ्यामागं तीच दार उघडायची, झाडलोट करायची, आणि फाटकाजवळच्या खोलीत मुलासह राहायची. मुलगा आनंदा गिरणीत बदली कामगार होता, कुणी गैरहजर असला की कामावर. मोर्चा निघाला की हा पुढं. आजही सकाळपासून पत्ता नाही, असं तिनं फाटक उघडताना सांगितलं, आणि पुन्हा रस्त्याकडं बघत उभी राहिली.

ठसा घ्यायची हसकेलची स्वतःची रीत होती. कोळशाची पूड खोबरेल तेलात कालवायची आणि फडक्यानं दगडाला फासायची. खोल कोरलेली अक्षरं कोरी राहतात, बाकी दगड काळा होतो. मग त्यावर पतंगाचा पातळ कागद तळहातानं दाबून बसवायचा. संक्रांत नुकतीच झालेली, कागद दुकानात हवा तेवढा होता. ठसा उठतो तो उलटा, तेव्हा आरशात धरून एकदा वाचून घ्यायचा. त्यासाठी पिशवीत दीनाबाईचा हातातला आरसा होता. वेणी घालताना ती त्यात बघायची.

दीनाबाईचा ठसा घेताना तिच्या नावावर त्याचा तळहात गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला. तिच्या आईचाही ठसा चांगला आला. दोन्ही दगडांवर वर हिब्रू आणि खाली मराठी होतं. राहिली मलकाबाई.

तिचा दगड पार कोपऱ्यात. तिथले जुने दगड भिंतीकडं तोंड करून उभे, आणि दगड आणि भिंत यांच्यामध्ये माणूस जेमतेम शिरेल एवढी फट. फटीत अंधार. अक्षरं झिजलेली, सगळी हिब्रू, कुठं सुरू होतात तेही दिसेना. हसकेलनं डोकं चालवलं. बाहेर एका उंच थडग्यावर ऊन होतं. त्यावर त्यानं आरसा टेकवला आणि कवडसा फटीत पाडायचा म्हणून तो हळूहळू फिरवायला लागला. कवडसा भिंतीवरून सुटला, समोरच्या चाळीच्या गॅलऱ्यांवरून फिरला, गिरणीच्या फाटकावर उभ्या असलेल्या पोलिसांच्या तोंडावरून गेला, आणि मग कुठं फटीत पडला. हसकेलला यातलं काहीच कळलं नाही. त्याला फक्त दगडावर उमटलेली अक्षरं दिसली. त्यानं घाईघाईनं तेलकोळसा फासला, जवळचा शेवटचा कागद दाबला, आणि ठसा आरशासमोर धरला.

‘मलका बत राहमीम.’ राहमीमची लेक मलका. बापाचं नाव होतं. हसकेलनं तिथंच देवाचे आभार मानले, आणि आता पळत घरी जायचं असं ठरवलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडं गोळी सुटली, मग आणखी एक. आरडाओरड झाली, पळापळ झाली, आणि भिंतीवरून एक माणूस धपकन फटीत पडला.  तो आनंदा होता. डाव्या दंडाला गोळी चाटून गेली होती आणि बाही रक्तानं भिजली होती. पळून पळून सदरा घामानं अंगाला चिकटलेला. उभं राहायची ताकद नव्हती. तो मलकाबाईच्या दगडाला पाठ लावून तिथंच बसला आणि डोळे मिटले.

रखमा धावत आली. मुलाला बघून तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. दंडाला फडकं आवळून ती बाहेर येते न येते, तोच फाटकावर काठी आपटली. तिनं हसकेलचा हात घट्ट धरला.

“दादानू, माझो एकुलतो एक झील आसा तो,” ती म्हणाली. “माका दुसरा कोण नाय.”

हसकेलला म्हणायचं होतं की मला यात ओढू नका, मी मरेन. पण ती तोवर फाटकाकडं गेली होती.

फौजदार आणि दोन शिपाई आत आले. पळालेल्या माणसासाठी नव्हे, आरशासाठी आले होते! इथून कुणीतरी चाळीतल्या पोरांना खुणा करतंय, असं फौजदाराला वाटलं होतं. म्हणजे पोलिसांना इथं आणलं ते हसकेलनंच. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो एका थडग्याच्या कडेवर टेकला. मग थडग्यावर बसतात का, म्हणून पुन्हा उठला.

फौजदारानं पिशवी उपडी केली. आरसा हातात घेऊन बघितला, बायकी वस्तू म्हणून परत टाकला. मग कागद उलगडले. दोन कागदांवर खाली मराठी होतं, ते त्यानं उन्हासमोर धरून मागच्या बाजूनं वाचलं. हसकेलनं दोन्ही दगड दाखवले, लेयाची सगळी हकिकत सांगितली. फौजदारानं कागद दगडाशी ताडून पाहिले आणि परत दिले. माणूस वाईट नव्हता, चार रात्री झोपलेला नव्हता. त्यानं तिसरा कागद वर धरला. त्यावर मराठी एक अक्षर नव्हतं.

ही कसली लिपी, असं त्यानं विचारलं. हिब्रू म्हटल्यावर म्हणाला की असेलही, नसेलही, आम्हाला रोज एकेक नवीन गुप्त लिपी सापडतेय.

“याचा दगड दाखव,” तो म्हणाला, “आणि कागद घेऊन घरी जा. नाही दाखवलास तर कागद माझ्याकडं राहील.”

दगड तिथून हाकेच्या अंतरावर होता. बोट दाखवायचं, बस्स. लेयाचं लग्न, तिची उभी हयात त्या बोटाच्या टोकावर होती. रखमा नळाशी उभी राहून रिकामी बादली घासत होती आणि एकदाही वर बघत नव्हती.  भित्र्या माणसाला खोटं बोलता येत नाही म्हणतात, ते साफ चूक आहे. भित्रा माणूस जन्मभर तेच करत आलेला असतो.

“तो दगड इथं नाही, साहेब,” तो म्हणाला. “फुटला. हा जुना ठसा आहे.”

फौजदारानं त्याच्या काळ्या बोटांकडं बघितलं. मग कोपऱ्याकडं बघितलं आणि तिकडं चालायला लागला. हसकेलला वाटलं, झालं, आता आपणही जाणार आणि तो पोरगाही. आणि त्याच क्षणी त्याला आठवलं, की भीती काही एकट्या आपल्यालाच वाटत नाही.

“तिकडं प्लेगात गेलेली माणसं पुरलीत, साहेब,” तो म्हणाला. “जमीन पोकळ झालीय. मागं एकाचा पाय आत गेला होता.”

पुढचा शिपाई जागीच थांबला. त्यानं पाय उचलून बुटाचा तळवा बघितला. दुसरा म्हणाला की साहेब, कर्फ्यूची वेळ होत आली. फौजदारानं मलकाबाईच्या ठशाची घडी करून खिशात घातली, म्हाताऱ्याला दिवेलागणीच्या आत घर गाठायला बजावलं आणि निघून गेला.

फाटक लागलं तसा हसकेल मटकन खाली बसला. आनंदा वाचला होता आणि लेया बुडाली होती. कागद संपले होते, ऊन भिंतीवर चढलं होतं, आणि बोट काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती. तो रडायला लागला. म्हाताऱ्या माणसानं असं मोठ्यानं रडू नये, पण त्याला आवरेना.

रखमानं मुलाला खोलीत नेलं, सदरा उतरवला आणि जखम धुतली. मग सदरा घेऊन ती चुलीशी गेली. गोळीचं भोक आणि रक्त, घरात सापडलं तर दोघंही आत. हसकेल निरोप घ्यायला म्हणून दारात आला, आणि त्याला सदऱ्याची पाठ दिसली. ओल्या मांजरपाटावर काळाभोर चौकोन उमटला होता, आणि काळ्यात कोरी, उलटी अक्षरं होती.

त्यानं आरसा काढला. एका हातानं ओला सदरा ताणला जाईना, अक्षरं आरशात जुळेनात. शेवटी रखमानं आरसा धरला. सगळं होतं. मलका होती आणि राहमीमही होता, कागदावर आला होता त्याहून स्वच्छ.

“ह्या जाळूक होया, दादानू,” रखमा म्हणाली.

हसकेलनं सदरा सोडला नाही. हा ठसा कुणाचा आणि कशासाठी हवा, ते त्यानं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विळीवर डावी बाही खांद्यापासून कापली, रक्ताची होती तेवढी चुलीत घातली, आणि उरलेला सदरा त्याच्या हातात दिला. पिशवीत नको, पिशव्या तपासतात, असं ती म्हणाली. एव्हाना दिवस बुडत होता, शब्बाथ लागत होता. शब्बाथला काही वाहून न्यायचं नसतं. पण अंगात घालायला कुणाची बंदी नाही. पिशवी आणि आरसा त्यानं रखमाकडंच ठेवला, दोन्ही ठसे सदऱ्याच्या आत छातीशी गुंडाळले, सदरा अंगात घातला, आणि वर कोट चढवून गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या.

नाक्यावर तोच फौजदार उभा होता. त्याच्या खिशात तीच अक्षरं होती. हसकेलनं गल्ली बदलायचं मनात आणलं, पण दुसरी गल्लीच नव्हती. शिपायानं त्याला थांबवलं, कोटाचे खिसे चाचपले, काखेत हात घातला, पाठीवर थोपटलं. तेलानं ओला झालेला सदरा पाठीला गार लागला. कोट काढ म्हणाला असता तर एका बाहीचा माणूस आणि त्याच्या पाठीवर मलकाबाई, सगळा नाका बघत राहिला असता.

“कापतोयस का एवढा?” फौजदारानं विचारलं.

“भीती वाटते, साहेब,” हसकेल म्हणाला. “फार भीती वाटते.”

दिवसभरात त्यानं फौजदाराला सांगितलेलं हे सगळ्यात खरं होतं. फौजदार थकल्यासारखं हसला आणि त्यानं हातानंच जा म्हणून खूण केली. हसकेल रस्ता ओलांडून चाळीकडं चालू लागला. पाठ भिंतीला घासू नये म्हणून तो अगदी रस्त्याच्या मधून, ताठ चालला होता.