बोकड सोडजो

"बोकड सोडजो, भुरे. पोहऱ्याले जाजो अन् बोकड सोडजो."

भुरीबाईचे हात दोरीच्या गाठीवर थांबले. खुंट्याजवळ ती उकिडवी बसली होती आणि चांद्या बोकड तिच्या खांद्यावरून मान पुढं काढून ओढणीचं टोक चघळत होता. तिनं ते त्याच्या तोंडातून ओढून काढलं आणि पुन्हा गाठीला लागली. आवाज तिच्या नवऱ्याचा, रूपलाचा होता, आणि रूपलाला जाऊन तीन महिने झाले होते. पौषातल्या त्या सकाळी तो एवढंच बोलला. तिनं 'हो' म्हटलं. मग त्यानं पाणी मागितलं, आणि ती पाणी घेऊन आली तेव्हा ते प्यायला तो उरला नव्हता.

ती रडली नव्हती. तांड्यातल्या बाया गळ्यात पडून रडल्या, त्यांनी तिच्या केसांतल्या घुगऱ्या, सवाष्णीचं लेणं, उतरवल्या, तेव्हाही ती दुसऱ्याच कुणाच्या केसांकडं पाहावं तशी पाहत होती. तेव्हापासून सगळं तसंच चाललं होतं. भाकरी थापायची, करपली तर करपलेली खायची. संध्याकाळी सेवालाल महाराजांच्या तसबिरीपुढं दिवा लावायचा. तो नेम एकदाही चुकला नाही. पण दिवा लावल्यावर आपण तो लावला की नाही, हे तिला पुन्हा आत जाऊन पाहावं लागे.

चांद्या नवसाचा होता. मागच्या श्रावणात एकुलता मुलगा उदयसिंग विषमज्वरानं एकवीस दिवस पडून होता. तो कारंज्याच्या जिनिंगात कामाला होता. तिथून त्याला बैलगाडीत निजवून आणलं होतं. रूपला तेव्हा भर पावसात पायी पोहरादेवीला गेला आणि जगदंबेपुढं बोलून आला, पोरगं उठलं तर रामनवमीला बोकड देईन. पोरगं उठलं. त्याच आठवड्यात व्यालेल्या बकरीचं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं पिल्लू रूपलानं देवीच्या नावानं वेगळं काढलं.

रामनवमी आता सहा दिवसांवर आली होती. पाडव्यालाच तांड्याचा नायक लखीराम येऊन सगळं ठरवून गेला होता. गाड्या किती न्यायच्या, हंडे कुणाचे, मसाला कोण वाटणार. जाताना त्यानं चांद्याची मांडी चाचपून पाहिली.

"वहिनी, रूपलानं बोकड पोसला का जावई? तांडा दोन दिवस बोटं चाटन."

भुरीबाईनं त्याच्यापुढं चहा ठेवला होता. त्यात साखर घातली नव्हती, हे तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

गाठ सुटली. तीन महिने तिच्या बकऱ्या लखीरामच्या कळपाबरोबर चरायला जात होत्या. आज त्याचा गुराखी लग्नाला गेला होता, म्हणून ती स्वतः निघाली. बकऱ्या पुढं, चांद्या तिच्या पायांत. रूपलाच्या काठीनं ती त्यांना नाल्याकडं वळवत होती, पण ऊन चढलं तशा त्या आपण होऊन दुसरीकडं फिरल्या. हाकून ऐकेनात. इंझोरीच्या शाळेच्या आवारात शिरल्या आणि निंबाखाली, रोजची जागा असावी तशा, एकेक करून बसल्या.

शाळा सकाळची होती. पोरं घरी गेली होती. दौलतराव गुरुजी दारात आले. त्यांनी बकऱ्यांकडं पाहिलं, मग सवयीनं रस्त्याकडं, मागून कोणी येतंय का ते. मग त्यांना भुरीबाई दिसली.

"रूपला रोज यायचा इथं," ते म्हणाले. "बकऱ्यांले सावली पायजे म्हणे. मले तं वाटे, बकऱ्याच त्याले घेऊन येतात."

हे तिला माहीत नव्हतं. दुपारी तो कुठं बसतो, हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. गुरुजींनी तिला माठातलं पाणी दिलं. ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. मग गुरुजींनी वर्गाच्या भिंतीकडं बोट केलं.

तिथं एक मोठा छापील कागद चिकटवलेला होता. महावीर स्वामींच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली, म्हणून दिवाळीनंतर कारंज्याच्या काही जैन मंडळींनी तो शाळाशाळांत वाटला होता. तिला वाचता येत नव्हतं. गुरुजींनी मथळा वाचून दाखवला : मांसाहार सोडलेले थोर लोक.

रूपलालाही वाचता येत नव्हतं. पण तो रोज येऊन एक नाव वाचून घ्यायचा आणि त्या माणसाबद्दल विचारत बसायचा. कुठला, काय करायचा, घरचे काही म्हणाले नाहीत का. मथळ्यातला एक शब्द मात्र तो ओळखायला शिकला होता. बोट ठेवून म्हणायचा, हा 'सोडलेले'.

"मी त्याले पहिल्याच दिवशी सांगितलं, मी खातो बाबा," गुरुजी म्हणाले. "आमच्या घरी आयतवारी शिजते. बाबासाहेबांच्या वाटेनं बुद्धाकडं आलो, तरी मटनाची वाट नाही सुटली. मी फक्त वाचून दाखवतो. तो म्हणे, मंग भिंतीवर कायले लावला? म्हटलं, पोपडे झाकाले."

भुरीबाईनं पाहिलं. कागदाच्या कडेनं पोपडा खरंच दिसत होता.

गुरुजी नावांवरून बोट फिरवत गेले. गुजरातचा एक राजा होता, कुमारपाल. ग्रीस देशातला एक गणिती होता. इटलीतला एक चित्रकार होता. तो म्हणे बाजारात पिंजऱ्यातली पाखरं दिसली की सांगतील तो भाव देऊन विकत घ्यायचा आणि तिथंच सोडून द्यायचा. यावर रूपला खूप हसला होता. भाव न करता घेणारा माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

"दुसऱ्या दिशी मात्र इचारते, ते पाखरं सोडल्यावर कुठं जात असतील? म्हटलं, पाखरं हायेत, उडून जातील. तर म्हणे, बकरीले पंख नसतात गुर्जी. बाजारात सोडली तं सांजेपर्यंत दुसऱ्याच्या हंड्यात."

चांद्या उठला, व्हरांड्याच्या कडेला अंग घासून पुन्हा बसला.

"अन् हा अशोक राजा," गुरुजींचं बोट थांबलं. "यानं खडकावर लिहून ठेवलं. आधी आपल्या मुदपाकखान्यात रोज हजारो जनावरं मारली जात. आता फक्त तीन. दोन मोर अन् एक हरण, अन् हरण भी रोज नाही. पुढं हे तिघं भी मारणार नाही. रूपलाले हा लई आवडला. मले म्हणे, मोर अन् हरण तरी काहून ठेवले? म्हटलं, एकदम सुटत नसन."

"मंग?"

"म्हणे, राजाले भी?"

कागदाच्या अगदी खाली, छापील ओळींच्या बाहेर, निळ्या शाईनं एक ओळ लिहिलेली होती. ती काय आहे, हे भुरीबाईनं विचारलं. गुरुजी जरा संकोचले. यादीत सेवालाल महाराजांचं नाव नाही म्हणून रूपला दोन दिवस रुसून निंबाखालीच बसून राहिला होता. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी ते हातानं लिहिलं.

भुरीबाईनं ओढणीनं तोंड पुसलं.

"उदयसिंगच्या बानं सोडलं व्हतं का, गुर्जी?"

"मी इचारलं नाही," गुरुजी म्हणाले. "ताटात काय पडे, ते तुमाले मालूम असन."

परत येताना तिला ते ताट दिसत राहिलं. कार्तिकापासून घरात मटण शिजलं की रूपला आपल्या वाट्याचे तुकडे उचलून तिच्या भाकरीवर ठेवायचा. तू खा भुरे, माहं पोट जड हाये. दुखणं तेव्हाच सुरू झालं असावं, असं ती तीन महिने धरून चालली होती. बकरी विकताना तो दोरी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि तोंड फिरवायचा, तेही तिनं दुखण्यातच मोजलं होतं. ते तुकडे तिनं खाल्ले होते. चवीनं खाल्ले होते.

तांड्यात हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पोहऱ्याला दोन देवळं आहेत, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. सेवालाल महाराजांनी मांस कधी तोंडी लावलं नाही, म्हणून त्यांना गुळाचा शिरा, जगदंबेला बोकड. लोक आधी शिरा ठेवतात, हात धुतात आणि बोकडाकडं येतात. कुणालाच त्यात काही अवघड वाटत नाही. भुरीबाईलाही आजवर वाटलं नव्हतं. आणि देवाच्या नावानं बोकड 'सोडला' म्हणजे कापला, असंच तिथं सगळे धरतात; कुणी कुणाला विचारत नाही.

सप्तमीला दिवेलागणीच्या सुमारास उदयसिंग कारंज्याहून आला. अंग अजून भरलं नव्हतं. मनगटं तापातून उठल्यावर होती तशीच होती. पिशवीतून त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला सुरा काढून बाजेवर ठेवला. धार लावून आणला होता. पहाटे नायकाच्या गाड्या निघतील, अष्टमीच्या सांजेला पोहऱ्याला पोचू, असं सांगून तो जेवायला बसला. भुरीबाईनं त्याला पिठलं-भाकरी वाढली.

"तुहे बा मार्गशीर्षात तुह्याकडं आले व्हते. तवा काय जेवले?"

तो हसला. "म्या खानावळीतून मटन आनलं व्हतं त्यायच्यासाठी. म्हने, मले दात नाही राह्यले. कोरडी भाकर खाल्ली."

"दात तं व्हते."

"हो ना. त्याच सांजेले शेरभर फुटाणे फोडले त्यायनं..." तो बोलता बोलता थांबला.

मग तिनं त्याला शाळेतलं सांगितलं. तिला फार नीट सांगता आलं नाही. राजांची नावं ती विसरली होती. पाखरं आठवत होती, दोन मोर आणि एक हरण आठवत होतं, आणि निळ्या शाईची ओळ. उदयसिंग हात न धुता ऐकत राहिला. हातावरचं पिठलं वाळलं.

"बा शेवटी काय म्हनले व्हते, याडी? नीट सांग," त्यानं आईला विचारलं.

"पोहऱ्याले जाजो. बोकड सोडजो."

तो शब्द दोघांच्या मध्ये तसाच राहिला. बाहेर चांद्यानं खुंट्याला शिंगं घासली.

"नवस माह्या जिवाचा हाये, याडी," उदयसिंग हळूच म्हणाला. "देवीनं मागतलं तं?"

ती त्याच्या मनगटाकडं बघत होती.

"देवीपुढं काय बोलशील?" त्यानं विचारलं.

"तुहे बा जे म्हनले तेच. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही."

उदयसिंग हात धुऊन बाजेवर जाऊन पडला. भुरीबाईनं तसबिरीपुढं दिवा लावला आणि भांडी घासायला बसली. तो लावला की नाही हे पाहायला ती पुन्हा आत गेली नाही.

फटफटलं तेव्हा ती आवरून तयार होती. कणीक, गूळ आणि डबीभर तूप तिनं फडक्यात बांधलं होतं. चांद्याच्या गळ्यातली दोरी सोडून तिनं खुंट्यावर अडकवली. तांड्याच्या तोंडाशी गाड्या जुंपल्या जात होत्या. लखीरामनं तिला पाहिलं आणि तिथूनच बोलला.

"वहिनी, गाडीत बसा ना. चालवत नेलं तं बोकड थकते, मटन चिवट लागते."

"पायीच जातो, नायक. तुमी या मागून."

उदयसिंग बाजेवर उठून बसला होता. याडी एकदम निघाली नाही, हे त्यानं पाहिलं. ती कुडाकडं गेली. बाभळीच्या वाळल्या शेंगांची टोपली तिनं उचलली आणि चांद्याच्या खुंट्याशी रिती केली. मग वाळल्या पाल्याची पेंढी आणली आणि शेळ्या पोचणार नाहीत अशा उंचीवर, चरून परतणाऱ्या जनावरासाठी बांधतात तशी, खुंट्याच्या वरच्या आडव्या बांबूला बांधली. गाठ ओढून पाहिली. दोन दिवस टिकेल अशी होती.

तिनं मुलाकडं पाहिलं नाही. फडकं डोक्यावर घेतलं आणि गाडीवाटेला लागली.

उदयसिंगनं वर्तमानपत्राची ती गुंडाळी बाजेवरून उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि छपराच्या गवतात खोल खोचून दिली. चांद्या अजून खुंट्याशी होता. त्यानं वरच्या पेंढीकडं एकदा मान उंचावली, शेंगांतली एक उचलली आणि ती चावत, दोरीवाचून, तिच्या मागं निघाला.