शिट्टी वाजतेय म्हणे

तरन्नुम मॅडमनी पंखा परत पाठवला, तोही दुसऱ्यांदा. "शिट्टी वाजतेय," एवढाच निरोप. उमरग्यात मॅडमचा कानाचा दवाखाना आहे. तपासणीच्या खोलीतला कॉम्प्युटर तापून बंद पडतो, आणि त्याचा पंखा वाजला तर पेशंटचा कान तपासता येत नाही. मी तो पंखा कानाशी धरून तासभर ऐकला. शिट्टीबिट्टी काही नव्हती.

माझ्या दुकानात आवाज मोजायचं यंत्र नाही. हायवेवरच्या ट्रकांपुढं त्याचं काही चालतही नाही. वीस वर्षं मी पंखे कानानंच जुळवतोय. रेग्युलेटर फिरवून दोन पंख्यांचा आवाज सारखा करायचा, मग कॉम्प्युटर जास्त थंड कोण ठेवतो ते बघायचं. लोक म्हणतात, योगीराजचा कान म्हणजे तराजू. तो कानच गेला तर मी कसला कारागीर?

आज करडा आणि काळा असे दोन पंखे जुळवले. करड्यावर कॉम्प्युटर एकसष्ट अंश, काळ्यावर सदुसष्ट. करडाच द्यायचा ठरवला.

"सारखे कुठं हायती?" माझी बायको शिवकन्या काउंटरमागून म्हणाली. "करडा किती किरकिरतोय."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी खेकसलो. राग तिचा नव्हता, भीती वाटली होती.

ती उठली. करड्याचा वेग कमी करत गेली आणि तिच्या कानाला दोन्ही सारखे वाटले तिथं थांबली. आता करड्यावर बहात्तर, काळ्यावर तेच सदुसष्ट. अख्खा निकालच फिरला.

"तुमी दाराकडं जावा," ती म्हणाली. "तिकडं तोंड करून हुबं ऱ्हावा. करडा पयल्यागत पळवते. वाजला की सांगा."

मी पाठ करून उभा राहिलो. एक ट्रक गेला, मग रस्ता शांत झाला. मी कान टवकारले. बराच वेळ गेला.

"लाव की आता," मी म्हणालो.

"कवाच लावलाय," ती हळूच म्हणाली.

दुपारी दवाखान्यात जाऊन काळा पंखा बसवला. अर्धा तास कॉम्प्युटर चालला, बंद पडला नाही. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या.

"आता शांत आहे, योगीराजभाऊ."

मला आधीचे पंखेही शांतच वाटले होते.

मॅडमनी पेशंटची वही उघडली. "पहिलं नाव कुणाचं?"

मी हत्यारांची पिशवी खाली ठेवली, पेशंटच्या खुर्चीत बसलो आणि माझंच नाव सांगितलं.