लग्नाची पांढरी

सुमनबाईंना एक वाक्य बोलायचं होतं. मोठं नव्हतं, चारच शब्दांचं होतं: लग्नाची पांढरी साडी दाखवा. घरात बोलून ते भागणार नव्हतं. कापडाच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, दुकानदाराला नीट ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचं होतं. एकोणचाळीस वर्षं हे वाक्य त्यांच्या पोटात होतं. आता धाकट्या लेकीचं, संध्याचं लग्न ठरलं होतं, आणि तिच्यामागे घरात लग्नाचं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे बोलायचं तर आत्ताच.

यात एवढं काय, असं ज्याला वाटेल त्याने स्वतःला नशीबवान समजावं. लग्नाच्या कपड्यांच्या खरेदीला आमच्या भागात बस्ता म्हणतात. सगळं गणगोत दुकानात जातं, चपला खाली काढून पांढऱ्या गादीवर चढतं, तक्क्याला टेकतं, चहा पितं, आणि गादीवरचा माणूस एकेक घडी उलगडून समोर टाकत जातो. अडुसष्ट साली सुमनचा बस्ता झाला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. वडिलांबरोबर ती हुमनाबादच्या दुकानात गेली. गादी होती, तक्के होते, गादीवर दोन पाटील बसलेले होते. हे दोघं खाली, पायरीपाशी उभे राहिले. घर बौद्ध होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण दुकानातली गादी अजून बौद्ध व्हायची होती.

बौद्ध लग्नात नवरीला पांढरं नेसवतात. वडील म्हणाले, पांढरं लुगडं दाखवा. दुकानदाराने वरून विचारलं, "कोण गेलं रे?" वडिलांनी एकदा पाटलांकडे पाहिलं, एकदा लेकीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "चुलती गेली, मालक." दुकानदार हळहळला, वाईट माणूस नव्हता तो. त्याने एक लुगडं निवडलं आणि वरून टाकलं, वडिलांनी ते पदरात झेलावं तसं उपरण्यात झेललं. मेलेल्या चुलतीच्या नावाने घेतलेल्या त्या लुगड्यात सुमनचं लग्न लागलं. चुलती धडधाकट होती, लग्नात तिनेच पोळ्या लाटल्या. गावी परत येताना वडील सगळी वाट दोन पावलं पुढे चालत राहिले, आणि मरेपर्यंत त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

पुढे दिवस बदलले. सुमनबाईंचे यजमान गुंडेराव दुबलगुंडीच्या शाळेत मास्तर झाले. त्याच दुकानात आता म्हाताऱ्या मालकाचा मुलगा वीरण्णा बसू लागला, आणि गुरुजी आले की तो स्वतः तक्का सरकवून जागा करी. गुंडेरावांना या गादीचं मोठं अप्रूप. घरात कापडाचा विषय निघाला की ते गादीवर येऊन थांबत. थोरल्या नागसेनच्या लग्नात सुमनबाईंनी मनाशी ठरवलं होतं, की आता याच गादीवर बसून ते वाक्य बोलायचं. पण गुंडेरावांनी आदल्या दिवशीच वीरण्णाच्या कानात पांढऱ्या साडीचं सांगून ठेवलं होतं. गेल्यावर चहा आला, कागदात गुंडाळलेली साडी आली, कागद कुणी उघडलासुद्धा नाही. सुमनबाई चहा पिऊन वाक्यासकट घरी परतल्या.

म्हणून या खेपेला संध्याने गुलबर्ग्याचं नाव काढलं तेव्हा त्या लगेच हो म्हणाल्या. संध्या बिदरच्या दवाखान्यात नर्स होती. तिच्या मैत्रिणींनी सांगितलं होतं, की स्टेशनकडच्या रस्त्यावर काचेचं तीन मजली दुकान झालंय. गुंडेरावांना ते मुळीच पटलं नाही. बसमध्ये सबंध वाटभर त्यांची कुरकुर चालली होती.

"तिथं वळख ना पाळख," ते म्हणाले. "वीरण्णा काय मनंल? आन् हे बग, तिथं काई बोलत बसू नकोस. साडी घ्यायची आन् चारच्या बसला बसायचं."

"बघू," सुमनबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द गुंडेरावांनी पुष्कळदा ऐकला होता आणि त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

एप्रिलचं ऊन गुलबर्ग्यात माणसाला भाजून काढतं. दुकानासमोर आले तेव्हा तिघांच्याही अंगातून पाणी निथळत होतं. समोर सबंध काच होती, आणि काचेच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. सुमनबाईंनी तो ढीग बघितला. सगळ्या चपला म्हाताऱ्या माणसांच्या होत्या, टाचा झिजलेल्या, अंगठे तुटून शिवलेल्या. कॉलेजातली पोरं-पोरी बूट वाजवत सरळ आत जात होती. पन्नाशीच्या पुढचा माणूस मात्र दारापाशी थबके, आतली चकचकीत फरशी बघे, आपले पाय बघे, आणि मुकाट्याने चपला काढी. दुकानात शिरणाऱ्याचं वय विचारायची गरजच नव्हती, ते दाराबाहेर पडलेलं होतं.

सुमनबाईंनीही चपला काढल्या. दारावरचा म्हातारा चौकीदार वैतागून म्हणाला, "अम्मा, चप्पल पहनकेच जाव. सुबू से बोल-बोलके थक गया मैं."

संध्या हसली. सुमनबाईंनी चपला परत घातल्या. गुंडेराव आत पाऊल टाकतात न टाकतात तोच बाहेर आले. आत गार वारा होता, ढोल बडवल्यासारखं गाणं चाललं होतं, आणि बसायला काहीही नव्हतं. खुर्ची नव्हती, बाक नव्हता, गादीचं तर नावच नको. बिचाऱ्यांना गादीवर चढायला तीस वर्षं लागली होती, आणि इथे गादीच कुणी ठेवली नव्हती. "तुमी जावा," म्हणाले, आणि पायरीवर चपला शेजारी काढून बसले. तिथे भालकीकडचे एक ज्ञानोबा आधीच बसले होते, त्यांच्याही सुना आत होत्या. दोघांनी तंबाखूची देवाणघेवाण केली.

सुमनबाई आत गेल्या, आणि खरं सांगायचं तर थक्क झाल्या. उजेड कुठून येतोय ते दिसत नव्हतं, पण एवढा उजेड की माणसाची सावलीसुद्धा पडत नव्हती. बाहेरचं ऊन दाराशीच संपलं होतं. वाटेत एक बाई उभी होती, तिला त्या "सरक गं माय" म्हणाल्या, आणि मग दिसलं की बाईला मुंडकंच नाही, नुसती साडी नेसवलेली बाहुली आहे. त्या स्वतःशीच लाजल्या. कुणी पाहिलं नव्हतं. इथे कुणी कुणाकडे पाहतच नव्हतं.

साड्या सगळ्या उघड्यावर टांगलेल्या होत्या. सुमनबाईंनी आजूबाजूला नजर टाकली आणि एका साडीला बोट लावलं. कुणी काही म्हणालं नाही. मग दुसरीला हात लावला. मग रेशमी साड्यांच्या रांगेत कोपरापर्यंत हात घातला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. आयुष्यभर कापड त्यांच्याकडे आलं होतं ते दुसऱ्याच्या हातून, त्याने द्यायचं ठरवलं की. इथे नाव नाही, गाव नाही, कुणाची कोण ते नाही. दार ढकललं की झालं. एवढं सोपं असतं हे, आणि आपला बाप त्यासाठी खोटं बोलला, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात संध्या समोर आली. हातात टिकल्यांची पांढरी साडी. "माय, ही बग. लगीच घावली. चल, काउंटरवर देऊ."

म्हणजे संपलंच, सुमनबाईंना वाटलं. साडी मिळाली होती. काउंटरवरचा पोरगा यंत्राने टूंक करून पिशवीत घालणार होता. कुणी विचारणार नव्हतं, कुणाला सांगावं लागणार नव्हतं. हुमनाबादला नवऱ्याने बोलू दिलं नाही, आणि इथे बोलायला माणूसच ठेवला नव्हता. या दुकानाने त्यांना सगळं दिलं होतं आणि तेवढी एक गोष्ट काढून घेतली होती.

"थांब," त्या म्हणाल्या. "मला इचारायचंय."

"काय इचारायचंय? साडी तर हातात हाय की."

"हाय. तरी इचारायचंय."

संध्याला ती जुनी हकीकत कुणी सांगितली नव्हती. तिने नुसतं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाजूला झाली. सुमनबाई चालत गेल्या. साड्यांच्या घड्या घालत निळ्या शर्टातली एक मुलगी उभी होती, असेल वीस-बावीस वर्षांची. तिने मान वर करून कानडीत विचारलं, "एन बेक्री, अम्मा?" काय पाहिजे?

सुमनबाईंनी तोंड उघडलं. एकोणचाळीस वर्षं घोकलेलं वाक्य, पण ते निघालं घशातल्या घशात. "लग्नाची पांढरी साडी दाखवा."

"आं?" मुलगी म्हणाली. गाण्याचा ढोल दोघींच्या मधोमध वाजत होता.

मुलगी कानडी आहे तर कानडीत बोलू, म्हणून त्यांनी आवाज चढवून तेच वाक्य कानडीत टाकलं. "मदुवी बिळी सीरी तोर्सरी." मुलीने कानामागे हात धरला आणि मान हलवली. काही ऐकू आलं नव्हतं.

तेव्हा सुमनबाईंना राग आला. गाण्याचा आला, स्वतःचा आला, त्या दोन पाटलांचाही आला, जे कधीच वारले होते. शेतात पलीकडच्या बांधावरच्या बाईला हाक मारावी तसा त्यांनी आवाज लावला आणि दखनी हिंदीत ओरडल्या, "शादी की! सफेद साडी दिखाव! मेरी बेटी की शादी है!"

सगळ्या मजल्यावर ते ऐकू गेलं. जीन्सच्या ढिगाऱ्यातून एका पोराने डोकं वर काढलं आणि परत जीन्समध्ये घातलं. एक-दोन बायका वळून हसल्या, लेकीच्या आईकडे बघून हसतात तसं. सुमनबाई उभ्या होत्या, आता काय होतंय याची वाट बघत. मुलीने संध्याच्या हातातल्या साडीकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

"ये तो पार्टी का है, अम्मा," ती म्हणाली. "शादी के सफेद उप्पर हैं. आव मेरे साथ."

शादी के सफेद. ती मुलगी असं म्हणाली, जणू तो दुकानातला रोजचाच शब्द होता. तिच्या मागोमाग दोघी जिना चढून गेल्या. वरच्या मजल्यावर ढोलाचा आवाज कमी होता. वळणावरून आत गेल्यावर मुलीने हात केला, आणि सुमनबाईंचे पाय जागच्या जागी थांबले.

एक अख्खी भिंत पांढरी होती. जमिनीपासून छतापर्यंत कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात पांढरी साडी. सुती, रेशमी, निळ्या काठांच्या, जरीच्या, सायीसारख्या दाट पिवळसर पांढऱ्या. एवढं पांढरं सुमनबाईंनी कापसाच्या हंगामातसुद्धा एका जागी बघितलं नव्हतं. कुणीतरी हे मुद्दाम मागवलं होतं, लावलं होतं, त्यासाठी भिंत राखून ठेवली होती.

"इतक्या?" त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

"सीझन है ना, अम्मा," मुलगी शिडीवर चढत म्हणाली. "अपरैल-मई में येइच चलते. परसों एकी दिन में नौ गए."

एका दिवसात नऊ नवऱ्या. नऊ बाप दुकानात आले होते आणि नऊ घरांत कुणी मेलं नव्हतं. सुमनबाईंना दोन पावलं पुढे चालणारे वडील आठवले. त्यांना ही भिंत दाखवायला हवी होती, असं वाटलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पदराने पुसलं नाही, येऊ दिलं.

"संध्या," त्या म्हणाल्या, "आप्पाला बोलीव जा वर."

थोड्या वेळाने गुंडेराव जिना चढून आले, चपला हातात घेऊन. वर येता येताच सुरू झाले, "कामून बलिवलं? चारची बस..." आणि भिंतीसमोर येऊन थांबले. मुलीने एक साडी उलगडून संध्याच्या खांद्यावर टाकली होती आणि आरसा तिच्याकडे वळवत होती. शेजारी दोन अनोळखी बायका आपापल्या साड्या चाचपत होत्या. गुंडेराव भिंतीकडे बघत राहिले, मग लेकीकडे, मग बायकोच्या ओल्या चेहऱ्याकडे. त्या लुगड्याची गोष्ट त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळली होती.

त्यांनी चपला खाली ठेवल्या. वर्गात शिरल्यावर खाकरत तसे खाकरले.

"लगीन हाय आमच्या लेकीचं," ते त्या दोन बायकांना म्हणाले, शिडीवरच्या मुलीला म्हणाले, चांगल्या मोठ्या आवाजात. "आमच्यात पांढरीच लागती."

त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.