पायलीभर चिन्नोर

"तांदूळ घेतला होता की नाही, एवढंच सांगा," साहेब म्हणाले.

आम्ही भंडाऱ्याला विमा कंपनीच्या ऑफिसात बसलो होतो. पुलाच्या कठड्यावर आदळून आमच्या गाडीचं तोंड चेपलेलं, इंजीन मागे सरकलेलं, आणि हा गृहस्थ आम्हाला तांदळाचं विचारत होता. मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणजे कैलाश, माझा नवरा. जन्मभर आंधळगावच्या ग्रामपंचायतीत पाण्याचा पंप चालवला. खोटं कधी बोलले नाहीत, आणि खरं मात्र नको तिथेही बोलले.

"घेतला जी," हे म्हणाले. "एक डाव. पायलीभर."

"झालं तर मग." साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे भाडं घेतलं. पैशात नाही, तांदळात. खाजगी गाडी भाड्याने चालवली, की क्लेम बसत नाही."

"अवो, कायचं भाडं?" मी उठलेच. "गाडी माह्यासाठी जाऊन राहिली होती दवाखान्यात! शेजारची म्हातारी संगं बसली, तर थे भाडं झालं?"

"मॅडम, आवाज कमी करा."

आवाज कमी करा! हप्ता भरताना हेच लोक फोनवर किती गोड बोलत होते. "काही काळजी करू नका काकू, आम्ही आहोत ना." आता काळजी करायची वेळ आली, तर माझा आवाज यांना मोठा वाटायला लागला.

माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. त्याचं मी कोणापाशी रडत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला मशीनवर पडावं लागतं. मशीनवरून उतरलं की पायांत जीव राहत नाही. पहिलं वर्ष मी एसटीने काढलं. एकदा स्टँडवर चक्कर येऊन पडले, कपाळ फुटलं. महिन्याभराने ह्यांनी रिटायरमेंटच्या पैशांतून जुनी पांढरी गाडी दारात आणून उभी केली. साठीला आलेला माणूस, पोरासारखा गाडी शिकला. माझ्यासाठी शिकला.

दारात गाडी आली की ती एकट्याची राहत नाही, हे आमच्या मोहल्ल्यात सांगावं लागत नाही. जागा असली की कोणी ना कोणी बसतं. पण फुकट कोणी बसत नाही. कोणी वांगी आणून देतं, कोणी तळ्याची मासोळी. डबा आला तर तो रिकामा परत जात नाही आणि उपकार झाला तर तो तसाच ठेवत नाहीत. याला आमच्याकडे कोणी भाडं म्हणत नाही. याला काहीच म्हणत नाहीत.

आणि सत्यभामाबाई तर या बाबतीत पुरती हट्टी. ती आमची शेजारीण. मी तिला आत्याबाई म्हणते, नात्याने नव्हे, मानाने. नवरा लवकर गेला. लोकांच्या धानाच्या बांधीत चिखलात उभी राहून रोवणी केली, पोरी उजवल्या, एका पोराला शिकवलं. तो पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला. तळ्याखाली एकराचा तुकडा आहे, त्यात ती अजून चिन्नोर लावते, बारीक, वासाचा तांदूळ. आमच्या घरचा चहा प्यायली तर संध्याकाळी पदराखाली काहीतरी घेऊन येईल. मी म्हणायची, "आत्याबाई, चहाचा पन हिशेब ठेवता का?" तर म्हणायची, "हिशेब नाही वं माय. पन खाल्लेलं पचाले पाह्यजे ना!"

तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी दाखवायला बोलावलं, तो नेमका माझा मशीनचा दिवस निघाला. मीच म्हटलं, चला. वरठीच्या अलीकडे समोरून रेतीचा टिप्पर आला, आपली बाजू सोडून थेट आमच्या अंगावर. ह्यांनी गाडी बाजूला दाबली आणि ती पुलाच्या कठड्यावर गेली. ह्यांचं मनगट मोडलं, आत्याबाईच्या कपाळाला टेंगूळ आलं, मला काही झालं नाही. टिप्परवाला थांबला नाही. नंबर प्लेट चिखलाने सारवलेली. पोलिसांनी लिहून घेतलं, "अज्ञात वाहन". रेतीचे टिप्पर त्या रस्त्याने रोज धावतात, साऱ्या जिल्ह्याला दिसतात, फक्त पोलिसांना अज्ञात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

बरं, विमा होता. गाडी भंडाऱ्यालाच विनोदच्या गॅरेजमध्ये टाकली. कंपनीचा माणूस आला, फोटो काढून गेला. विनोद म्हणाला, "काकू, काम मोठं हाये, पन बनते. कंपनीनं हो म्हनलं की हात लावतो."

मग आंधळगावात चौकशीला एक पोरगा आला. आम्ही दोघं तेव्हा दवाखान्यात. तो शेजारी गेला आणि आत्याबाईच्या बाजेवर बसला. गोड बोलला असणार. संध्याकाळी आम्ही एसटीतून उतरून घरी आलो, तर ही दारातच उभी, तोंडभर हसू.

"पंचफुले, तुह्या कंपनीचा पोट्टा आल्ता. मले इचारे, आजी, गाडीत बसता तर काही देता का? मी म्हनलं, हे काय इचारनं झालं? फुकट बसनारी वाटली का मी? मी म्हनलं, दर खेपेले पायलीभर चिन्नोर देतो! लिहून घे म्हनलं! लिहून घेतलन त्यानं. अंगठा बी देल्लो मी."

दर खेपेला! एकदाच दिला होता बिचारीने, नवं धान निघालं तेव्हा. पण परक्या पोराने आपल्याला फुकटी समजावं, हे तिला सोसवलं नाही. त्या पोराला तिने आपली इज्जत सांगितली आणि त्याने ती भाडं म्हणून लिहून घेतली. मी त्या वेळी हसले. खरं सांगते, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच कागदाच्या जोरावर आता साहेब आम्हाला परत पाठवत होते. मी हटेना, तेव्हा म्हणाले, "ठीक आहे. दर खेपेला नाही, एकदाच दिला म्हणता ना? मग त्या आजींना आणा. त्यांनी समोर येऊन सांगू दे. बघू."

घरी आल्यावर हे म्हणाले, "त्यायले काही सांगू नोको. म्हाताऱ्या मानसाले काहून तरास?"

"मंग गाडीचं काय?"

"पाहू."

"काय पाहू? मी पुन्हा स्टँडवर पडीन, थे पाहू?"

ह्यांनी मान खाली घातली. मला वाईट वाटलं, पण बोललेलं मी परत घेतलं नाही. आमच्या भिंती पातळ आहेत. सकाळी मी दार उघडलं, तर आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली.

"चाल भंडाऱ्याले," म्हणाली. "माह्या तोंडानं झालं, माह्याच तोंडानं निस्तरतो."

तिचे डोळे सुजलेले होते. मी तिला वाटेत दहादा समजावलं. "आत्याबाई, खोटं नाही बोलाचं. जे झालं थेच सांगाचं. एक डाव देल्ला, नव्या धानाचा, खुशीनं. बस." ती हाव हाव म्हणत राहिली. पण ती ऐकत नव्हती, हे मला कळायला पाहिजे होतं.

साहेबांनी तिला खुर्ची दिली. कागद पुढे ओढला.

"आजी, गाडीत बसायचे तुम्ही तांदूळ दिले का?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्या प्लास्टरच्या हाताकडे.

"नाही जी," ती म्हणाली.

"एकदाही नाही?"

"आत्याबाई!" मी म्हटलं.

"तुम्ही मधे बोलू नका, मॅडम. आजी?"

"एकदाबी नाही जी. दाना नाही देल्ला." तिचा आवाज बारीक झाला होता. "मी फुकट बसली. नेहमी फुकटच बसतो. मानसं चांगली हायत, म्हनून बसवतेत."

जिने जन्मात कोणाचा घोटभर चहा अंगावर ठेवला नाही, ती बाई परक्या ऑफिसात, पंख्याखाली बसलेल्या चार बाबूंसमोर स्वतःला फुकटी म्हणवून घेत होती. माझ्यासाठी. मला तिथल्या तिथे रडू फुटलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला.

साहेबांनी तिचं बोलणं लिहून घेतलं आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "आधी म्हणतात दर खेपेला. तुमचे मिस्टर म्हणतात एकदा. आता म्हणतात, कधीच नाही. तिघांचं तीन. आम्ही कोणाचं धरायचं? पहिलं बयाण धरतो. मान्य नसेल तर ग्राहक मंचात जा."

"आन थो टिप्पर?" मी ओरडले. "त्याचं बयाण घेतलं का तुम्ही? या म्हातारीच्या अंगणात पोट्टा पाठवला, बाजेवर बसून, तिच्या घरचं पानी पिऊन तिचा अंगठा घेतला. त्या पान्याचं भाडं देल्लं का तुमच्या कंपनीनं?"

"मॅडम, मी नोकर माणूस आहे."

"आमी बी नोकरच होतो साहेब," हे त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. "पन कोनाचं पानी नाही तोडलं." आणि मोडका हात सांभाळत उठले.

ग्राहक मंचात मी जाणार आहे, सोडणार नाही. पण त्याला किती वर्षं लागतील हे वकिलालाही सांगता आलं नाही, आणि माझं मशीन तितकं थांबत नाही. विनोदला जागा मोकळी करून हवी होती. भला माणूस, तोंडाने म्हणाला नाही इतकंच. त्याच दिवशी, साहेबांकडून निघाल्यावर, हे गॅरेजमध्ये गेले आणि गाडी आहे तशी त्याला देऊन आले. आम्ही दोघी स्टँडवर एसटीत जागा धरून बसलो होतो. हे आले, म्हणाले, "झालं," आणि आमच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.

एसटी सुटली. कंडक्टर पोरगी पुढे आली, मनाली नावाची. रोजच्या येण्याजाण्याने आता मला ओळखते.

"आजी, कार्ड दाखवा. पंच्याहत्तरच्या वर ना? तिकीट नाही लागत तुम्हाले."

सकाळी येताना आत्याबाईने हेच कार्ड आपणहून पुढे केलं होतं. "सरकारचं हाये, त्याचं काय," म्हणून हसलीही होती. आता तिने कमरेची पिशवी सोडली आणि नोट काढून पुढे धरली.

"तिकीट दे."

"अवो आजी, फुकट हाये तुम्हाले."

"मले फुकट नाही पाह्यजे."

"बरं, बायांचं अर्धं देतो मंग."

"अर्धं नाही. पुरं दे."

मनालीने माझ्याकडे पाहिलं. मागचे लोक माना उंचावून पाहायला लागले, कोणी तरी हसलं.

"काप ना बाई," मागून हे म्हणाले. "पुरं काप."

मशीनमधून तिकीट निघालं. आत्याबाईने ते मांडीवर ठेवून सरळ केलं, चार बोटांत धरलं आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

"ठेवून द्या पिशवीत," मी म्हटलं. "उडून जाईन."

"राहू दे हातात," ती म्हणाली. "कोनी इचारलं, तर दाखवाले होते."

आंधळगाव येईपर्यंत तिने ते तसंच धरून ठेवलं. विचारायला कोणी आलं नाही.