मेलेली बाई दार उघडते

वाचनालयातली फाटकी पुस्तकं तिच्या वडिलांकडे बांधायला येत आणि शनिवारी परत जात. मधल्या दिवसांत जे वाचून होईल ते तिचं. शाळा संपल्यापासून हाच शिरस्ता होता. निवड तिच्या हातात नव्हती, फाटेल ते वाचायचं. आणि फाटत त्या जाडजूड, अवघड कादंबऱ्याच.

"वाचून नाही फाटत त्या," आत्या म्हणायची. "स्वतःच्या वजनाने फाटतात."

आत्या वडिलांची थोरली बहीण. दुकानात फर्मे शिवायचं काम तिच्याकडे होतं. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. अशा घड्या क्रमाने लावून शिवल्या की पुस्तक उभं राहतं. खळ, पुठ्ठा आणि कटिंग वडील बघत. क्रम लावायचं कामही पूर्वी त्यांचंच होतं, पण त्यांच्या एका डोळ्यात पडदा वाढायला लागल्यापासून ते मुलीकडे आलं होतं.

खळीने आखडलेल्या बोटांनी ती पानं उलटायची. एका कादंबरीत एका घराण्यातल्या सगळ्या पुरुषांची नावं एकच होती. दुसरीत एक माणूस अख्खं प्रकरणभर जिना उतरत होता. ती वाचता वाचता पेंगायची, कपाळ पानावर टेकायचं, मग तोंडावर पाणी मारून पुन्हा तीच ओळ. संपवल्या सगळ्या, कळली एकही नाही. दोष पुस्तकाचा असेल असं तिला कधी वाटलं नाही. आपलं डोकंच कमी, हे तिने मुकाट्याने मान्य केलं होतं.

या आठवड्यातली मात्र कळली. पूर्णविराम जवळजवळ नसलेली, धापा टाकत चालणारी कादंबरी. मुलगा परगावी भटकतो, इकडे आई मरते, तो तिच्याविना आणखी भटकतो, आणि शेवटाकडे घरी येतो तर दार आईच उघडते. "हात धू," एवढंच म्हणते. ते वाचून तिला रडू आलं होतं. तेव्हापासून ती दुकानात अशी वावरत होती की जणू पहिल्यांदाच कुणी तिला आत घेतलं होतं.

शनिवारी दुपारी, बांधलेली पुस्तकं वाळेपर्यंत ज्यात आवळून ठेवत त्या लाकडी दाबातून ती काढताना तिने आत्याला गोष्ट सांगितली.

"थांब," आत्या म्हणाली. "मेली ना ती?"

"हो."

"मग दार कसं उघडते?"

"आत्या, आधुनिक कादंबरी आहे. त्यात असंच असतं."

"आधुनिक असो नाहीतर बाबा आदमच्या काळातली, मेलेली बाई उठून दार उघडत नाही. उघडलंच तर हात धू म्हणत नाही. बरं, चहा टाकते. तुला हवा की तुझ्या लेखकालाही?"

आत्या आत गेली. मुलीला हसू आलं नाही. तिने पुस्तक उघडलं आणि शिलाईजवळच्या वरच्या कोपऱ्यावर नजर ठेवून पानं भराभर सोडत नेली. पुस्तकावर कधीतरी पाणी सांडलेलं होतं. डाग पहिल्या पानावर तळव्याएवढा होता आणि आत आत लहान होत जायला हवा होता. तसा तो होत गेला, मध्येच नखाएवढा झाला, मग एकदम पुन्हा मोठा.

फर्म्यांचे दोन गठ्ठे उलटसुलट लागले होते. आधीच्या कुठल्यातरी बांधणीत पाननंबर कापले गेले होते, म्हणून तिने एका फर्म्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ जुळवत क्रम लावला होता. वाक्य अडलं असतं तर तिचा हात थांबला असता. पण या पुस्तकात प्रत्येकच वाक्य अडत होतं, आणि तिला वाटलं होतं, आधुनिक म्हणतात ते हेच.

म्हणजे आई दार उघडते ते आधी. मरते ते नंतर.

बोलायची काही गरज नव्हती. या पुस्तकाला वाळवीशिवाय कुणी हात लावत नाही, असं वाचनालयाच्या बाईच म्हणाल्या होत्या. मागच्या महिन्यात एका पुस्तकाला पुठ्ठा उलटा लागला होता, तेव्हा त्यांनी बजावलंही होतं: आता आणखी एक चूक झाली की काम दुसरीकडे. आणि त्या कामावर घर चालत होतं. शिवाय गप्प राहिलं तर ती कादंबरी तिची राहणार होती, कळलेली एकुलती एक.

ती पुस्तक घेऊन वडिलांसमोर उभी राहिली. "बाबा, माझ्याकडून क्रम चुकलाय."

त्यांनी पुस्तक डोळ्याशी नेलं, बारीक अक्षरं लागेनात तसं परत दिलं. "कुणाच्या लक्षात आलं असतं?"

"कुणाच्याच नाही."

"मग?"

"जो वाचेल त्याला वाटेल, आपलंच डोकं कमी आहे."

वडील बराच वेळ सुरीला धार लावत राहिले. मग सुरी तिच्याकडे सरकवून म्हणाले, "शिलाई फोड."

बाकीची पुस्तकं घेऊन ते स्वतः वाचनालयात गेले. परत आले ते खुर्चीत बसले आणि चपला काढायचंही त्यांना सुचेना.

"काय म्हणाल्या?" आत्याने विचारलं.

"जे झालं ते सांगितलं. मला वाटलं, गेलं काम. तर विचारतात, कुठलं पुस्तक? नाव सांगितलं तर म्हणाल्या, ते होय! ते पुढच्या वर्षी दिलंत तरी चालेल."

"घ्या! आणि इथे आपण जीव मुठीत धरून बसलोय."

रविवारी आत्याने ते पुन्हा शिवलं. मुलीने नव्या क्रमाने मधला भाग वाचला. आई दार उघडते, हात धू म्हणते, मग मरते, मग तो भटकतो आणि दार कुणीच उघडत नाही. रडू आलं नाही. काही ठिकाणी तर कोण बोलतंय तेच उमगेना.

"आता कळतंय का?" वडिलांनी विचारलं.

"नाही. आधी कळत होतं."

"मग बरोबर शिवलं गेलंय," आत्या दोरा तोडत म्हणाली.

पुस्तक दाबात गेलं आणि दोन दिवसांनी निघालं. वडिलांनी ते परत द्यायच्या गठ्ठ्यात ठेवलं नाही, तिच्या पाटावर ठेवलं. "घाई नाही म्हणाल्यात," एवढंच बोलले.

तिने बोटांवरची वाळलेली खळ खरवडून काढली, डोळे चोळले आणि पहिलं पान उघडलं. या वेळी शनिवार आडवा येणार नव्हता.